डाव्या हाताचा मोजा

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

मोहनाच्या सांगण्यावरून ही वही. "काका, नेमबाजानं रोज लिहायचं असतं. सामान कुठलं वापरलं, हात कसा होता, मनात काय होतं." मोहना आमच्या रेंजवरची कोच. ती सत्तावीस वर्षांची, मी एकसष्टचा. रिफायनरीच्या इन्स्ट्रुमेंट खात्यात मी छत्तीस वर्षं शिफ्टची नोंदवही लिहिली. प्रेशर किती, टेंपरेचर किती, कुठला काटा अडकला. मनात काय होतं हा रकाना तिथे नव्हता.

पण आज लिहावं असंच घडलं.

वर्षभर मी एअर रायफल धरतोय. दहा मीटरवर कागद, त्यावर काळं वर्तुळ, मधोमध टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. तिथे लागलं की दहा, अगदी मधोमध लागलं तर दहा पॉइंट नऊपर्यंत. उभं राहून मारायचं. पाच किलोची बंदूक डाव्या मुठीवर तोललेली, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकलेलं. पहिले सहा महिने नळी नुसती डुलायची. मग डुलणं कमी होत गेलं. आज सकाळी अर्धा श्वास सोडून थांबलो होतो, तेवढ्यात नळीच्या टोकाच्या गोल कड्यातलं काळं वर्तुळ टुणकन वर उडालं आणि जागेवर बसलं. परत उडालं. परत. एका लयीत.

बंदूक खाली ठेवली आणि टेबल हलवून पाहिलं. टेबल पक्कं होतं. मोहनाला विचारलं, पंख्याचं कंपन येतंय का.

"काका, ते तुमचं हृदय आहे," ती म्हणाली.

मी पुन्हा बंदूक उचलली आणि एकही छर्रा न मारता दहा मिनिटं नुसता बघत उभा राहिलो. आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं काचेतून पाहिली. हे आपलं स्वतःचं, कोणी चावी न देता, कोणी तेल न घालता चाललेलं. तेही बघायला मिळालं दहा मीटरवरच्या कागदावर.

मोहनाचं म्हणणं, आता चांगला ग्लव्ह घ्यायलाच हवा. बंदूक तोलणाऱ्या डाव्या हातातच तो घालतात. हाताची नाडी बंदुकीत जाऊ नये हेच त्याचं काम. क्लबचा हातमोजा दहा जणांच्या घामानं लाकूड झालाय.

बायकोला, नयनाला, रात्री जेवताना सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "ठोका नीट होता ना?" म्हटलं, छान होता. बायकांचे प्रश्न.

५ सप्टेंबर, गुरुवार

हातमोज्याचे नियम वाचले. जाडी तळहात आणि पाठ मिळून बारा मिलिमीटरच्या वर नको. मनगटाच्या हाडापासून पन्नास मिलिमीटरहून पुढे नको. मनगटाला पट्टा नको. हे सगळं कोणीतरी बसून मोजून ठरवलंय. एका हाताच्या मोज्यासाठी! मला फार आवडलं.

क्लबचा हातमोजा व्हर्नियरनं मोजला. जाडी नियमात, पण आत हात फिरतो. ऑनलाइन एक मागवलाय.

सकाळी जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढे जरा मंद झालं, व्होल्टेज पडल्यावर दिवा होतो तसं. नवा चष्मा अजून बसत नाहीये.

९ सप्टेंबर, सोमवार

गणपती दीड दिवसाचा, काल विसर्जन झालं. परवा आरतीत टाळ्या वाजवताना परत तसंच मंद झालं, भिंतीला टेकलो. उपास आणि उकाडा. नयनानं तबक खाली ठेवलं आणि आरती अर्धी सोडून माझ्याकडे पाहत राहिली. नंतर म्हणाली, "अहो, एकदा डॉक्टरांना दाखवू या." मी म्हटलं, गणपतीसमोर नको ते बोलू नकोस.

तिला माझी नेमबाजी आवडत नाही असं दिसतंय. घरी आलं की पहिला प्रश्न, "किती वेळ उभे होतात?"

१३ सप्टेंबर, शुक्रवार

ऑनलाइनचा आला. दिसायला झकास. बोटं मोकळी, तळव्यावर रबराचे दाणे. पण मनगटाचं इलॅस्टिक घट्ट. बंदूक उचलली आणि वर्तुळ असं उडायला लागलं की हसू आलं. मोहना म्हणाली, "मनगट आवळलं की नाडी जास्त ठोकते. घट्ट म्हणजे चांगलं नाही, काका."

तिनं पारखायची रीत दाखवली. उभं राहिलं की शरीराचं डुलणं मिसळतं आणि हातमोज्याचा दोष कळत नाही. म्हणून खुर्चीवर बसायचं, डावं कोपर टेबलावर टेकायचं, हाताच्या मुठीवर बंदूक. आता हलेल तो फक्त ठोका. नळीला सेन्सर लावला की त्याची रेघ कॉम्प्युटरवर उमटते.

रेघ उमटली आणि मला कंट्रोल रूममध्ये परत आल्यासारखं वाटलं. टेकडी, सपाट, टेकडी, सपाट. मोजलं तर मिनिटाला बेचाळीस.

"बेचाळीस!" मोहना ओरडलीच. "काका, एवढे कमी ठोके मोठ्या मोठ्या खेळाडूंचे असतात! दोन ठोक्यांच्या मधल्या सपाटीत घोडा दाबायचा. तुम्हाला तर मैदानच मोकळं मिळालंय."

एकसष्टाव्या वर्षी खेळाडूचं हृदय. घरी येताना स्कूटरवर गाणं गुणगुणत होतो.

१८ सप्टेंबर, बुधवार

जुन्या शहरातल्या घडियाळी पोळात, चामडं शिवणाऱ्या हार्दिककडे गेलो. त्याचं दुकान म्हणजे एक शिलाई मशीन आणि एक ओटा. चामड्याच्या बॅगा, क्रिकेटचे पॅड, तबल्याखालच्या गाद्या, सगळं शिवतो. बंदुकीचा हातमोजा त्यानं कधी पाहिला नव्हता. क्लबचा आणि ऑनलाइनचा, दोन्ही हातमोजे त्यानं उलटे केले, वास घेतला, दातानं दोरा तपासला.

मग माझा डावा हात मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं तळवा दाबत गेला. "काका, वजन क्यां आवे छे?" बंदुकीचं वजन नक्की कुठे पडतं ते मलाच सांगता येईना. त्यानं दुकानातली लोखंडी पट्टी माझ्या मुठीवर ठेवली आणि मला तशीच पाच मिनिटं धरायला लावली. काढल्यावर तळव्यावर लाल ठसा उठला होता. त्यावर बॉलपेननं रेघ मारली. "बस, अहीं. बाकी बधुं पातळुं." जाड थर फक्त इथे, बाकी सगळं पातळ.

वर्षभरात हे ना मला सुचलं, ना त्या परदेशी कंपनीला.

२३ सप्टेंबर, सोमवार

हातमोजा तयार! बकऱ्याचं मऊ चामडं, आत नमदा, म्हणजे दाबलेली लोकर, मधे सायकलच्या ट्यूबचा थर. जाडी साडेअकरा मिलिमीटर. मनगट मोकळं. हात घातला तर कोणीतरी हात हातात घेतल्यासारखं.

टेबलावर बसून रेघ काढली. टेकड्या निम्म्यानं बुटक्या झाल्या. आणि आश्चर्य पुढेच. मधेच एक टेकडी नाहीच! सपाट, सपाट, सपाट, मग पुढची. दर तीन-चार मिनिटांनी असा एक लांब सपाट पट्टा. एक तर तीन सेकंदांचा.

त्या पट्ट्यात जग थांबतं. खरंच सांगतो. वर्तुळ कड्यात असं बसतं की कोणी खिळा मारलाय. आवाज लांब जातात. मी घोडा दाबला असं वाटतही नाही, छर्रा आपणच निघतो. आज उभं राहून दहा पॉइंट सात, दहा पॉइंट आठ, परत दहा पॉइंट सात. मोहनानं कागद भिंतीवर लावला.

देव्हाऱ्यासमोर बसून असं कधी वाटलं नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

पट्टे का पडतात याचा शोध. पहिला संशय सेन्सरवर. सिग्नल मधेच तुटत असणार. उघडला, वायर बदलली, सोल्डर केलं. पट्टे तसेच.

मग मोहनाला माझा हातमोजा घालून बसवलं. तिची रेघ मिनिटाला बहात्तर, एकही टेकडी गळली नाही. म्हणजे सेन्सर ठीक. हातमोजा माझ्या मापाचा आहे, तिच्या हाताला सैल होतो, म्हणून तिच्या हातात तो पुरा काम करत नाही. असा निष्कर्ष लिहून ठेवतो.

दुपारी जाग आली तर नयना पलंगाच्या कडेला बसलेली, हात माझ्या छातीवर. "माशी बसली होती," म्हणाली. माशीसाठी एवढा वेळ हात ठेवतात?

२८ सप्टेंबर, शनिवार

क्लबची आपापसातली स्पर्धा. साठ छर्रे. आमच्या वयाच्या गटात पहिला आलो. शेवटच्या दहांत दोनदा दहा पॉइंट नऊ, त्याच्या वर काही नसतंच. दुसऱ्या वेळी पट्टा इतका लांब होता की कडाच विरघळायला लागल्या. वाटलं, असंच राहावं. मग एक जबरदस्त ठोका आला, धाडकन, आणि मी खुर्चीवर बसलो. नेमबाजीचं जाकीट फार घट्ट आवळलं होतं.

मोहनानं पाणी दिलं. ती हसत नव्हती. "काका, बरे आहात ना?" म्हटलं, जिंकल्यावर होतं असं.

घरी पदक दाखवलं. नयनानं हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिचे डोळे लाल होते. कांदा चिरत होती म्हणे. ओट्यावर कांदा नव्हता. माझं यश तिला का खुपावं?

३० सप्टेंबर, सोमवार

नयनाकडून वही मागवून घेतली, आजच लिहून ठेवतो.

संध्याकाळी हार्दिककडे गेलो, त्याला शाबासकी द्यायला. रेघेचा कागद बरोबर नेला होता. नवरात्र तीन दिवसांवर आलेली, ओट्यावर ढोलांची रांग, तो वाद्या ओढत बसलेला. मी कागद उलगडून दाखवला. "हे बघ, इथे तुझ्या मोज्यानं ठोका पूर्ण गिळला. चार पॉइंट दोन सेकंद."

त्यानं हात पुसले आणि कागद बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "काका, एक वात कहूं? खोटुं ना लगाडता." वाईट वाटून घेऊ नका म्हणाला. पुढचं सगळं गुजरातीत बोलला, मी इथे आपल्या भाषेत लिहितो.

"मी गाद्या शिवतो. गादीवर दहा जण बसले तर ती दहाही जणांना सारखीच बसवते. नऊ जणांना बसू द्यायचं आणि दहाव्याला गायब करायचं, असं गादीला येत नाही. हे बाकीचे ठोके बुटके दिसतात, ते माझ्या मोज्याचं काम. हा जो आख्खा नाहीये, तो मी नाही खाल्ला, काका. तो आलाच नाही."

मी छत्तीस वर्षं हेच काम केलं. काटा शून्यावर आला की आधी काटा तपासायचा, मग वायर, आणि दोन्ही ठीक असतील तर मान्य करायचं की लाइनीत प्रेशरच नाही. पोरासोरांना शिकवलं मी हे.

ओट्यावरच बसलो आणि मानेला दोन बोटं लावली. एक. दोन. तीन. चार. मग काही नाही. समोरून रिक्षा गेली, कोणीतरी चणियाचोळीचा भाव करत होतं, ढोलावर कोणीतरी थाप मारून पाहिली, आणि माझ्या बोटांखाली काहीच नव्हतं. मग आला. धप्प.

हार्दिक माझ्याकडे बघत होता. त्यानं दुकान तसंच उघडं टाकलं आणि मला रिक्षात घातलं. स्कूटरला मला हात लावू दिला नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार. इस्पितळ

उजव्या हातानं लिहायला परवानगी आहे.

त्या संध्याकाळी ईसीजी पाहून डॉक्टरांनी विचारलं, "इथे कसे आलात?" म्हटलं, रिक्षानं. "आणि इतके दिवस?" म्हटलं, स्कूटर. त्यांनी नर्सला खुणेनं जवळ उभं केलं, एवढंच.

चोवीस तासांचं यंत्र छातीला लावलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला हुकूम खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नाही, कधी उशिरा पोचतो, कधी पोचतच नाही. सर्वांत लांब थांबा पाच पॉइंट एक सेकंद. जिना, आरती, जाकीट, चष्मा, सगळ्याचा उलगडा एका ओळीत.

पेसमेकर बसवायच्या आधी डॉक्टर म्हणाले, "बंदूक कुठल्या खांद्याला लावता?" उजव्या. "मग आपण डावीकडे बसवू."

एवढंच त्यांनी विचारलं, पण मला रडू आलं. पुढे मी बंदूक धरणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

काल बसवला. डाव्या कॉलरबोनखाली, काडेपेटीहून लहान. डॉक्टर म्हणाले, "तो सारखा काम करत नाही. तुमच्या हृदयाकडे लक्ष ठेवतो. ठोका आला तर गप्प. नाही आला तरच देतो." मी त्यांना हे दोनदा सांगायला लावलं. आख्ख्या रिफायनरीत इतकं समजूतदार इन्स्ट्रुमेंट मी पाहिलं नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

नयना घरून ही वही घेऊन आली तेव्हाच तिनं वाचली असावी. आज मीच मागची पानं वाचली. नोंदी सगळ्या बरोबर आहेत, तारखेसकट. निष्कर्ष एकूण एक चूक.

तिला विचारलं, "तुला केव्हा कळलं?"

"श्रावणात. दुपारी झोपलात की तुमचा श्वास अडखळायचा. हात ठेवला तर ठोका थांबलेला. मी मोजायचे. पाचपर्यंत गेले तर उठवायचं असं ठरवलं होतं."

"मला सांगायचं ना."

"तीनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, खेळाडूचं हृदय आहे."

दोन महिने ही बाई रोज दुपारी माझ्या छातीवर हात ठेवून पाचपर्यंत मोजत बसली होती. आणि मी लिहिलंय, तिला माझं यश खुपतं. ते पान फाडणार नाही. राहू दे.

२० ऑक्टोबर, रविवार

मोहना घरी आली. सोफ्याच्या कडेला बसली, चहा घेईना. "काका, मी कोच. बेचाळीस ऐकून मी नाचले. मला कळायला हवं होतं."

मी म्हटलं, मी इन्स्ट्रुमेंटवाला, मलाच कळलं नाही.

तिनं लॅपटॉप आणला होता. सेन्सर प्रत्येक छर्र्याची वेळ नोंदवतो. स्पर्धेत माझे अकरा छर्रे दहा पॉइंट पाचच्या वर होते. त्यातले नऊ त्या सपाट पट्ट्यांत पडलेले.

आम्ही दोघं ती रेघ बघत बसलो. माझ्या आयुष्यातले सर्वांत नेमके क्षण, आणि त्या क्षणी हृदय बंद. मला त्याची भीती वाटायला हवी. वाटतेच. पण खरं लिहायचं तर त्या शांततेची आठवण येते, आणि तिची आठवण येते याची जास्त भीती वाटते. हे नयनाला सांगितलं नाही. वही ती वाचेल, तेव्हा कळेलच.

१२ डिसेंबर, गुरुवार

डॉक्टरांनी बंदुकीला हो म्हटलं, पण बसून, थोडा वेळ. दहा आठवड्यांनी रेंजवर.

हार्दिकचा हातमोजा घालून टेबलाशी बसलो. रेघ लावली. टेकडी, सपाट, टेकडी, सपाट. मिनिटाला साठच्या खाली नाही. एकही गळलेली नाही. पंधरा मिनिटं बघितलं, एकही नाही. कुठली माझी आणि कुठली त्या काडेपेटीची, हे रेघेवरून ओळखता येत नाही. मी खूप प्रयत्न केला.

मारलं तर आठ, नऊ, आठ. सपाट जागा आता लहान. मोहना म्हणाली, "हातमोज्याला अजून एक थर देऊ या? हार्दिकभाई देतील. अर्धा मिलिमीटर शिल्लक आहे नियमात."

म्हटलं, नको. मला ठोका दिसू दे. त्याच्या मधून मारायला शिकेन, वेळ लागला तरी.

१९ जानेवारी २०२५, रविवार

संक्रांतीला, इथल्या उत्तरायणाला, मी पतंग उडवला नाही, नयनानं उडवला आणि मी फिरकी धरली. चार पतंग काटले तिनं. गच्चीवर आमचा आख्खा छाणी भाग ऐकेल अशी ओरडत होती. त्यानंतर मी म्हटलं, एवढा हात चालतो तर रेंजवर चल. आज आली.

आधी नुसती मागे बसली. मग मोहनानं आग्रह केला, "काकू, एकदा बघा तरी." खुर्चीवर बसवलं, कोपर टेबलावर, बंदुकीचं बहुतेक वजन मी खालून धरलेलं, आत छर्रा नाही. मी माझा हातमोजा पुढे केला.

"तो घातला तर कमी दिसतं ना?" तिनं विचारलं.

"हो."

"मग नको."

उघड्या हातावर तिनं बंदूक घेतली. गाल टेकवला, एक डोळा मिटला. कड्यात वर्तुळ सापडायला वेळ लागला. मग श्वास सोडून थांबली.

मी तिचा चेहरा बघत होतो. कपाळावर आधी आठी होती. ती गेली. तोंड थोडं उघडलं. पुढे किती तरी वेळ ती हललीच नाही, पापणीसुद्धा नाही.

"हे मी आहे?" ती हळूच म्हणाली.

"तूच."

"सारखं चालू असतं हे? मी भाजी निवडताना? झोपल्यावर?"

"सारखं."

तिनं डोळा काढला नाही. माझा हात खालून बंदुकीला होता, तिचा शेजारीच, आणि लाकडातून तिचा ठोका माझ्या तळव्याला लागत होता. मी ठोके मोजायला लागलो. पाचाच्या पुढे गेलो, दहाच्या पुढे गेलो, आणि मोजायचं सोडून दिलं.